जोडीदार परदेशी, वर्षभर राहायचंय भारतात: कोणता व्हिसा घ्यावा?

‘एक वर्षाचा व्हिसा’ म्हणजे वर्षभर राहायची परवानगी, हा समज बहुतेक घोळांच्या मुळाशी असतो. भारताचा एक वर्षाचा ई-टुरिस्ट व्हिसा घरबसल्या काही दिवसांत मिळतो, त्यावर ‘मल्टिपल एंट्री’ लिहिलेलं असतं आणि मुदतीची तारीख वर्षापुढची असते. एवढं बघून लोक तिकिटं काढतात. पण व्हिसाची मुदत ही दार किती दिवस उघडं आहे ते सांगते. आत आल्यावर किती दिवस थांबायचं, ते वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं.

ही माहिती भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी आहे. पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापूर-नागपुरात सासरी येऊन साधारण वर्षभर राहायचंय, मग पुढचं पुढे, असा बेत धरला आहे. मूळचा मराठी जोडीदार आता परदेशी नागरिक असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे भारतात आजन्म येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड) असेल, तरीही बहुतेक सगळं असंच लागू होतं. स्वतः, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर मात्र नियम पार वेगळे आहेत आणि ओसीआयचा रस्ता बंद आहे. नेपाळ-भूतानच्या नागरिकांना व्हिसाच लागत नाही.

आधी लग्नाची तारीख बघा

पर्याय तीनच आहेत: पर्यटक व्हिसा, एंट्री व्हिसा (सगळे त्याला ‘एक्स व्हिसा’ म्हणतात) आणि ओसीआय. कोणता घ्यायचा हे पैशांवरून किंवा सोयीवरून ठरत नाही, लग्नाची नोंदणी कधी झाली यावरून ठरतं.

नोंदणीला सलग दोन वर्षं पूर्ण झाली असतील आणि निघायला अजून काही महिने हातात असतील, तर थेट ओसीआयचा अर्ज करा. दोन वर्षं झाली नसतील तर एक्स व्हिसा. लग्न झालंय पण नोंदणीच नाही, तर आधी नोंदणी, मग बाकीचं. लग्नच व्हायचं असेल, तर पर्यटक व्हिसावर येऊन लग्न करता येतं, पण त्यात दिवसांचं गणित अवघड आहे. ते पुढे येईलच.

पर्यटक व्हिसा का पुरत नाही

ई-टुरिस्ट व्हिसा तीन मुदतींचा मिळतो: ३० दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षं. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसावर बहुतेक देशांच्या नागरिकांना एका फेरीत सलग ९० दिवस राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८० दिवस. शिवाय जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एकूण मुक्काम १८० दिवसांच्या वर जाता कामा नये. मंजुरीच्या कागदावर मुक्कामाची मर्यादा छापलेली असते, ती शब्द न् शब्द वाचा.

आता कुणी म्हणेल, जुलैत यायचं, डिसेंबरअखेर कोलंबोला चार दिवस जाऊन यायचं आणि जानेवारीपासून पुन्हा १८० दिवस मोजायचे. कागदावर हिशेब जुळतो. पण इमिग्रेशनच्या खिडकीवरचा अधिकारी शिक्के बघतो आणि विचारतो, ‘पर्यटक आहात की इथे राहताय?’ खरं उत्तर दिलं तर व्हिसाचा प्रकार चुकलेला, खोटं दिलं तर त्याहून वाईट. शिवाय पर्यटक व्हिसा वाढवून मिळत नाही, त्यावर साधं बँक खातं नीट उघडत नाही आणि त्यावर राहून भारतातून ओसीआयचा अर्जही करता येत नाही. सासूबाईंना भेटून दोन-अडीच महिन्यांत परतायचं असेल तर ई-टुरिस्ट उत्तम. वर्षभर राहायचं असेल तर नको.

एक्स व्हिसा: बहुतेकांसाठी हाच

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी एंट्री व्हिसाचा उपप्रकार आहे, एक्स-२. तो पाच वर्षांपर्यंतचा आणि अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. अर्ज जिथे राहता त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे जातो. बहुतेक ठिकाणी कागद स्वीकारण्याचं काम बाहेरच्या कंपनीच्या केंद्रावर होतं, निर्णय दूतावासाचा असतो.

मुदत किती मागायची? वर्षभर राहायचंय म्हणून एक वर्षाचा मागू नका. कागदी व्हिसाची मुदत साधारणपणे तो दिल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उतरल्याच्या तारखेपासून नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला शिक्का बसला आणि तुम्ही जुलैच्या मध्यावर आलात, तर अडीच महिने तिकडेच गेले. वर्षाचे साडेनऊ महिने उरतात आणि मग मुदतवाढीसाठी धावपळ. फॉर्ममध्ये पाच वर्षं मागा. दूतावास कमी देईल तर देईल, पण न मागता जास्त कुणी देत नाही.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, छापायचा, सही करायची आणि कागदांबरोबर जमा करायचा. पहिल्याच पानावर तात्पुरता अर्ज क्रमांक येतो, तो लगेच लिहून घ्या. मध्ये थांबलं की पान बंद होतं आणि क्रमांक नसेल तर पुन्हा श्रीगणेशा. व्हिसाचा प्रकार निवडताना ‘एंट्री’ आणि उद्देशात ‘भारतीय नागरिकाचा जोडीदार’ या अर्थाचा पर्याय घ्या. इथे घाईत ‘टुरिस्ट’ निवडलं आणि बाकी सगळे कागद लग्नाचे लावले, तर केंद्रावरून अर्ज परत येतो किंवा त्याहून वाईट म्हणजे टुरिस्ट व्हिसाच मिळतो.

काही प्रश्नांपाशी लोक अडखळतात. गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, सार्क देशांत गेल्या तीन वर्षांत गेलात का, आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे होते का, आधीच्या भारतीय व्हिसाचा क्रमांक काय. जुना पासपोर्ट शोधून समोर ठेवूनच बसा. श्रीलंकेची आठ दिवसांची सहल विसरून ‘नाही’ लिहिणं ही क्षुल्लक चूक वाटते, पण पासपोर्टवरचा शिक्का आणि फॉर्म जुळला नाही की अर्ज बाजूला पडतो. ‘भारतातील संदर्भ’ या रकान्यात सासरच्या एका माणसाचं नाव, पूर्ण पत्ता आणि दिवसा उचलला जाईल असा फोन द्या.

कागद साधारण असे लागतात:

- पासपोर्ट, निदान सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला. पाच वर्षांचा व्हिसा मागताय आणि पासपोर्ट दोन वर्षांत संपतोय, तर आधी पासपोर्टच नवा करून घेतलेला बरा.
- दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. भारतीय पासपोर्टचा उभा फोटो इथे चालत नाही.
- विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. यावर खाली वेगळं लिहिलं आहे, कारण सगळं इथेच अडतं.
- भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत. जोडीदार ओसीआय असेल तर त्याचं कार्ड आणि परदेशी पासपोर्ट.
- जोडीदाराचं सहीचं पत्र: मी अमुक, आमचं लग्न अमुक तारखेला झालं, अमुक पत्त्यावर राहणार आहोत, खर्चाची जबाबदारी माझी.
- जिथे अर्ज करताय तिथल्या राहत्या पत्त्याचा पुरावा आणि भारतातल्या पत्त्याचा पुरावा.

दूतावासागणिक एखाददुसरा कागद वाढतो, म्हणून तिथली चालू यादी छापून घ्या आणि तिच्याच क्रमाने कागद लावा. निदान दोन महिने आधी अर्ज करा. जिथे राहता तो देश आणि नागरिकत्वाचा देश वेगळा असेल, उदाहरणार्थ ब्राझीलचा नागरिक दुबईत राहतोय, तर दूतावास एकमेकांना विचारतात आणि वेळ वाढतो.

विवाह प्रमाणपत्र: सगळी गाडी इथे अडते

पहिली चूक भारतात लग्न करणाऱ्यांची. कार्यालय घेतलं, भटजी आले, सप्तपदी झाली, पाचशे पानं उठली. पण मुलगी आयर्लंडची ख्रिश्चन. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू (बौद्ध, जैन, शीखसुद्धा) असावे लागतात. त्यामुळे ते लग्न त्या कायद्याखाली नोंदवताच येत नाही. वेगळ्या धर्मांच्या जोडप्याला विशेष विवाह कायदा, १९५४ हाच सरळ रस्ता. मुहूर्तावर विधी जरूर करा, पण कागद विवाह अधिकाऱ्याकडचा हवा.

विशेष विवाह कायद्याचं वेळापत्रक असं: दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. तो एक भारतीय जोडीदार असला तरी चालतं, परदेशी जोडीदाराने महिनाभर आधी येऊन बसायची गरज नाही. नोटीस दिल्यावर ३० दिवस ती लावून ठेवतात. हरकत आली नाही तर त्यानंतर लग्न, तीन साक्षीदारांसमोर. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. परदेशी जोडीदाराकडून त्याच्या देशाच्या दूतावासाचा अविवाहित असल्याचा दाखला मागतात, घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रत. हा दाखला मिळवायला कधीकधी दिल्लीला किंवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात भेटीची वेळ घ्यावी लागते. ९० दिवसांच्या पर्यटक मुक्कामात हे सगळं बसतं, पण अगदी काठोकाठ.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या सरकारी नोंदीच्या प्रमाणपत्रावर ॲपोस्टिल (कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला सरकारी दाखला) लागतं. चर्चने किंवा मंदिराने दिलेला कागद नव्हे, नगरपालिकेचा किंवा काउंटीचा. अमेरिकेत ज्या राज्याने प्रमाणपत्र दिलं त्याच राज्याच्या कार्यालयाकडून ॲपोस्टिल घ्यायचं. राहता टेक्ससमध्ये आणि लग्न झालं लास व्हेगासला, तर कागद नेवाडालाच पाठवावा लागतो. कॅनडात ही सोय जानेवारी २०२४ पासून आहे, त्याआधीची माहिती देणारे सल्ले जुने समजा. जर्मनीच्या बाबतीत सरळ ॲपोस्टिल करून मोकळे होऊ नका. जर्मनीने भारताच्या ॲपोस्टिल करारातल्या प्रवेशाला हरकत घेतली होती, म्हणून जर्मन कागद कसा प्रमाणित करून हवा ते भारतीय दूतावासाला आधी विचारा. मूळ कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा.

दुसरी चूक नावांची, आणि ती खास आपली आहे. पासपोर्टवर ‘रोहन सुरेश कुलकर्णी’, प्रमाणपत्रावर नुसतं ‘रोहन कुलकर्णी’, आधारवर ‘रोहन एस. कुलकर्णी’. परदेशी बायकोचं नाव महापालिकेतल्या कारकुनाने मराठीत लिहिताना ऐकलं तसं लिहिलं आणि इंग्रजी रकान्यात तेच उलटं उतरवलं. प्रमाणपत्र हातात पडलं की खिडकीवरून हलण्याआधी दोघांच्या पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून बघा. तिथल्या तिथे दुरुस्ती पाच मिनिटांची असते. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चार चकरा. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर ते पासपोर्टवर आधी बदला, मग व्हिसा. व्हिसा जुन्या नावाने आणि पासपोर्ट नव्या नावाने, ही जोडी कुठेच चालत नाही.

पर्यटक व्हिसावर आलात, लग्न केलंत, आता इथेच राहायचंय

पर्यटक व्हिसा बदलून मिळत नाही हा नियम, आणि भारतीय नागरिकाशी लग्न हा त्याच्या मोजक्या अपवादांपैकी एक. ई-एफआरआरओच्या (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावर एक्स-२ मध्ये रूपांतराचा अर्ज करता येतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, जोडीदाराच्या ओळखीचे पुरावे, त्याने दिलेला हमीपत्राचा बाँड आणि राहत्या जागेचा कागद लागतो. मग स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते: दोघं खरंच एकत्र राहतात का, लग्न खरं आहे का, कुणाविरुद्ध काही नोंद आहे का. हवालदार घरी येतो, दोघांचे जबाब घेतो, शेजाऱ्याला विचारतो. त्या दिवशी घरी असा आणि सोसायटीच्या चेअरमनला आधी सांगून ठेवा.

हा मार्ग आहे, पण बेत आखताना याच्यावर भिस्त ठेवू नये. चौकशी लांबली आणि पर्यटक मुक्काम संपत आला, तर बाहेर जावं लागतं आणि एक्स व्हिसा घेऊनच परत यावं लागतं. म्हणजे शेवटी तेच, वर तिकिटाचा भुर्दंड. अर्ज करायचाच असेल तर मुक्कामाचे निदान सहा-आठ आठवडे शिल्लक असताना करा.

ओसीआय: दोन वर्षांनंतर

नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ खाली, लग्न नोंदवलेलं असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळू शकतं. दोन वर्षं नोंदणीच्या तारखेपासून धरून चला. विधी २०२२ मध्ये आणि नोंदणी २०२५ मध्ये झाली असेल, तर भांडून उपयोग नाही.

शुल्क परदेशातून अर्ज केल्यास २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये. मूळ भारतीय वंशाच्या माणसापेक्षा जोडीदाराच्या अर्जाला जास्त वेळ लागतो, कारण आधी सुरक्षा तपासणी होते. ते महिने धरूनच तिकीट काढा. ‘अर्ज केलाय, येईलच’ म्हणत विमानात बसता येत नाही.

मिळाल्यावर सुख आहे: आजन्म, कितीही फेऱ्या, कितीही दिवस, पोलिसांकडे नोंदणी नाही, खाजगी नोकरीला आडकाठी नाही. वेरूळ-अजिंठ्याच्या खिडकीवर परदेशी माणसाला ६०० रुपये मोजावे लागतात, ओसीआयवाल्याला भारतीयांच्याच ४० रुपयांत तिकीट मिळतं. नवरा ४० मध्ये आणि बायको ६०० मध्ये, हा दर सहलीचा वाद मिटतो! मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. सिक्कीम-अरुणाचलसारख्या भागांत परवाना तरीही लागतोच.

दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय लग्नाला बांधलेलं आहे. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. दोन, पासपोर्ट नवा निघाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत, नवा फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं घोषणापत्र संकेतस्थळावर चढवायचं असतं.

ओसीआयचा अर्ज भारतातूनही होतो. मात्र पर्यटक, मिशनरी किंवा गिर्यारोहण व्हिसावर असाल तर नाही, आणि भारतात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. यातूनच वर्षभराच्या मुक्कामाचा एक चांगला बेत बसतो. समजा नोंदणी १० फेब्रुवारी २०२५ ला झाली. ऑगस्ट २०२६ च्या पहिल्या आठवड्यात पाच वर्षांच्या एक्स व्हिसावर या. फेब्रुवारी २०२७ च्या मध्यावर लग्नाची दोन वर्षंही भरली आणि भारतातले सहा महिनेही. महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या एफआरआरओकडे जातो. त्या सहा महिन्यांत मधूनच बाहेरची सहल करू नका, ‘सलग’ हा शब्द तिथे आहे. बालीची हौस मार्चमध्ये भागवा.

मुलांना ही दोन वर्षांची अट नाही. आईबापांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर परदेशी पासपोर्ट असलेल्या अल्पवयीन मुलाचा ओसीआय अर्ज लगेच करता येतो. मुलाला भारतीय आणि परदेशी असे दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी ठेवता येत नाहीत, एवढं आधीच ठरवा.

उतरल्यावर

ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशाने विमानतळावरच्या कागदी कार्डाऐवजी ई-अरायव्हल कार्ड भरायचं असतं, उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत. त्याला शुल्क नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

पहिल्या २४ तासांतलं काम सी फॉर्मचं, म्हणजे परदेशी पाहुणा कुठे उतरलाय ते सरकारला कळवण्याचं. हॉटेलं तो भरतात हे सगळ्यांना माहीत असतं. घरी परदेशी पाहुणा उतरला तर घरमालकानेही तो भरायचा असतो, हे फारसं माहीत नसतं. सून घरचीच आहे म्हणून ती सवलत नाही. फॉर्म ऑनलाइन आहे, पण घरमालकाचं खातं आधी उघडावं लागतं. सासऱ्यांच्या नावावर फ्लॅट असेल तर त्यांच्या नावाने, पत्त्याच्या पुराव्यासह, पाहुणे यायच्या आठ दिवस आधीच खातं उघडून ठेवा. रात्री दोनला मुंबईत उतरून सकाळी पासवर्ड शोधत बसायची वेळ येऊ नये. फॉर्मची प्रत जपून ठेवा, एफआरआरओच्या जवळजवळ प्रत्येक कामात ती मागतात.

नंतर नोंदणी. व्हिसाच्या चिकटपट्टीवर ‘१४ दिवसांत नोंदणी आवश्यक’ अशा अर्थाची ओळ आहे का बघा. असेल तर १४ दिवसांत करा, बाकीचं कुणाचंही ऐकू नका. नसेल, तर एक्स व्हिसावर एका फेरीत १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याने ते १८० दिवस भरायच्या पुरेसं आधी नोंदणी करायची असते. वर्षभर राहणारच आहात, मग पाचव्या महिन्याची वाट कशाला बघायची? पहिल्याच महिन्यात उरका. नोंदणीचा कागद नसेल तर बँक, गॅस आणि आधार ही सगळी कामं अडतात.

अर्ज ई-एफआरआरओवर होतो. मुंबईत एफआरआरओचं स्वतंत्र कार्यालय आहे, महाराष्ट्रात इतर ठिकाणी हे काम पोलीस आयुक्तालयातला किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडचा परकीय नागरिक नोंदणी विभाग बघतो. बहुतेकांना प्रत्यक्ष जावं लागत नाही, बोलावलं तरच जायचं. अर्जात शंका काढली की ई-मेल येतो. तो स्पॅममध्ये पडून राहिला आणि उत्तर गेलं नाही, तर अर्ज बंद होतो. रोज एकदा संकेतस्थळावर जाऊन स्थिती बघा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा. नोटरी केलेला कागद महाराष्ट्रात कायद्यानेही पुरेसा नाही आणि इथेही परत येतो. करारात परदेशी जोडीदाराचंही नाव घाला. सासरी राहत असाल तर सासऱ्यांच्या नावाचं वीजबिल, त्यांच्या आधारची प्रत आणि ‘आमच्याकडे राहते, हरकत नाही’ असं सहीचं पत्र. पत्ता बदलला तर कळवावं लागतं, पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून वाकडला गेलात तरी.

गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर परदेशी नागरिकालाही आधार काढता येतं. आपल्याकडे आधारावाचून पान हलत नाही, तेव्हा सातव्या महिन्यात ते करून टाका.

नोकरी आणि कर

एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही. शाळेत तासिका घेणं, हॉटेलात गाणं, ओळखीच्या स्टार्टअपला ‘थोडी मदत’ करणं, पैसे मिळत असतील तर हे सगळं त्यातच येतं. भारतीय कंपनीत नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि त्यासाठी वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगाराची अट आहे. भाषाशिक्षक, अनुवादक, परदेशी पदार्थांचे खास आचारी अशा काहींना ती लागू नाही. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर घरून करणं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. भारताकडे त्यासाठी वेगळा व्हिसा नाही. एक्स व्हिसावर त्याची स्पष्ट परवानगी कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे हा मुक्कामाचा मुख्य आधार असेल तर आधी एफआरआरओला लेखी विचारा किंवा ओसीआयपर्यंत थांबा.

कराचं मात्र स्पष्ट आहे. आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्चमध्ये, १८२ दिवस भारतात राहिलात की तुम्ही इथले करनिवासी. १ ऑक्टोबरला आलात तर ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस भरतात (लीप वर्षात १८३). ५ ऑक्टोबरला आलात तर त्या वर्षी भरत नाहीत. पण पुढच्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर हेच १८३ दिवस होतात, म्हणजे एक तरी वर्ष बहुधा सापडतंच. घाबरायचं कारण नाही: आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा मिळतो आणि परदेशातलं भाडं, व्याज, लाभांश यांवर सहसा इथे कर लागत नाही. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार मात्र इथलं उत्पन्न धरला जातो, तो कुठल्याही देशातल्या खात्यात जमा होवो. दुहेरी कर टाळण्याच्या करारात काय बसतं हे सीएला निघण्याआधी विचारा, परत गेल्यावर नव्हे.

मुदत संपत आली तर

सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा १९४६ चा जुना कायदा जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे. मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलं तरी ते ‘ओव्हरस्टे’ धरतात. दंड तर होतोच, वर एक्झिट परमिटशिवाय विमानात बसू देत नाहीत. त्याहून त्रासाचं म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जात ती नोंद आडवी येते, ओसीआयच्या सुरक्षा तपासणीतसुद्धा. एक्स व्हिसाची मुदतवाढ इथेच ई-एफआरआरओवर मिळते. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करा, म्हणजे शंका-उत्तरांना वेळ राहतो.

वर्ष संपवून परत जाताना पाच वर्षांचा व्हिसा शिल्लक असेल तर तो तसाच चालू राहतो. पुढच्या दिवाळीला महिनाभरासाठी याल तेव्हा नवा अर्जही नको आणि १८० दिवसांच्या आतला मुक्काम असल्याने नव्याने नोंदणीही नको. सी फॉर्म मात्र पुन्हा भरायचा. सासऱ्यांना पासवर्ड जपून ठेवायला सांगा.